बंदराचा आसपासच्या प्रदेशावरील आर्थिक परिणाम कसा मोजावा : न्हावा-शेव्याचे उदाहरण

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला मंजुरी दिली, तेव्हा ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाबरोबर आणखी एक आकडा जाहीर झाला. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख लोकांना रोजगाराची संधी मिळेल, असे त्यात म्हटले होते. बंदराच्या बाजूचे लोक हा आकडा अभिमानाने सांगतात आणि विरोधातले लोक तो थाप म्हणून उडवून लावतात. तो कोणत्या प्रदेशासाठी आहे, किती वर्षांसाठी आहे आणि कोणकोणते रोजगार धरून आला आहे, हे प्रश्न मात्र या वादात मागे पडतात. असा आकडा स्वतः काढू पाहणाऱ्या किंवा दुसऱ्याने काढलेला तपासू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, पत्रकारांसाठी, जिल्हा नियोजनातील अधिकाऱ्यांसाठी आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांसाठी हे टिपण आहे.

उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात असलेले न्हावा-शेवा, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर, घेतले आहे. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, त्यामुळे परिणाम दिसायला पुरेसा काळ गेलेला आहे. शिवाय ते प्रामुख्याने कंटेनरचे बंदर असल्याने हिशेब तुलनेने सुटसुटीत राहतो. २०२३-२४ मध्ये तेथे सुमारे ६४ लाख आणि २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास टीईयू हाताळले गेले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचे माप. चाळीस फुटी कंटेनर दोन टीईयू धरला जातो. पण हे आकडे केवळ किती माल गेला हे सांगतात. आपल्याला शोधायचे आहे ते वेगळेच: या मालाबरोबर फिरणाऱ्या पैशांपैकी या प्रदेशात किती थांबतो, आणि बंदर झाले नसते तरी त्यातला किती आलाच असता?

सीमा आधी आखावी

आकडेवारी गोळा करण्यापूर्वी प्रदेशाची सीमा नकाशावर आखावी, कारण उत्तर जितके या सीमेवर अवलंबून असते तितके दुसऱ्या कशावरही नसते. न्हावा-शेवा उभारले गेले ते मुंबई बंदरावरचा भार हलका करण्यासाठी. पुढे कंटेनरचा व्यापार खाडीच्या या तीरावर आला आणि मुंबईच्या गोद्यांमधले काम आटत गेले. अभ्यासाची सीमा उरण तालुक्यापुरती ठेवली, तर हे सगळे काम तालुक्याचा निव्वळ लाभ म्हणून मांडता येते. सीमा मुंबई महानगर प्रदेशाची धरली, तर त्यातला काही भाग एका तीरावरून दुसऱ्या तीरावर सरकलेले काम ठरतो आणि तेवढा वजा करावा लागतो. महाराष्ट्राची सीमा धरली, तर नाशिकची द्राक्षे आणि सांगलीचा बेदाणा परदेशी धाडणाऱ्यांची वाहतूक खर्चातील बचतही विचारात येते, पण मुंबईतून सरकलेले काम तेव्हाही लाभ ठरत नाही.

म्हणून किमान दोन सीमा धराव्यात आणि दोन्हींची उत्तरे शेजारी शेजारी छापावीत. लहान सीमा ठरवण्याचा एक व्यवहार्य निकष असा की, बंदरात आणि बंदरालगतच्या व्यवसायांत काम करणाऱ्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोक ज्या तालुक्यांत राहतात, ते सलग तालुके म्हणजे बंदराचा निकटचा प्रदेश. न्हावा-शेव्यासाठी उरण आणि पनवेल तालुके व नवी मुंबईचा दक्षिण भाग यांपासून सुरुवात करून हा निकष लावून पाहावा. एक लक्षात ठेवावे की ही सीमा कायमची नसते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी खारकोपर ते उरण रेल्वेमार्गाचेही उद्‌घाटन झाले. त्यानंतर कामगार कुठून येतात याचा नकाशा बदलणे अपरिहार्य आहे, आणि जुन्या अभ्यासातली सीमा डोळे मिटून उचलणे चुकीचे ठरेल.

कोणती रक्कम मोजायची

सर्वांत ठळक चूक येथे होते. बंदरातून गेलेल्या मालाची किंमत हा बंदराचा आर्थिक परिणाम नव्हे. निफाडच्या द्राक्षांची किंमत निफाडच्या बागेत निर्माण झालेली असते. कंटेनर बंदरात चार दिवस उभा राहिला म्हणून ती उरणची होत नाही. न्हावा-शेवा सीमाशुल्क विभागात जमा होणारे शुल्क प्रचंड असते आणि भाषणांत त्याचा उल्लेख हमखास होतो, परंतु ते केंद्र सरकारच्या तिजोरीत जाते. देशात कुठेही खपणाऱ्या मालावरचा तो कर आहे. व्यवसायांची उलाढाल बेरजेत घेणेही तितकेच फसवे, कारण वाहतूकदाराचे बिल गोदामवाल्याच्या बिलात, गोदामवाल्याचे एजंटाच्या बिलात आणि एजंटाचे निर्यातदाराच्या बिलात सामावलेले असते. एकच रुपया चार वेळा मोजला जातो.

मोजायचे ते मूल्यवर्धन: उलाढालीतून बाहेरून विकत घेतलेल्या वस्तू व सेवा वजा करून जे उरते ते. त्यात मजुरी, नफा, व्याज आणि घसारा येतो. त्याच्या जोडीला तीन रकाने ठेवावेत. पहिला, प्रदेशातल्या रहिवाशांच्या हाती पडलेली मजुरी व नफा. दुसरा, पूर्णवेळ रोजगारात रूपांतर करून काढलेली रोजगारसंख्या. तिसरा, ग्रामपंचायती, नगरपरिषद आणि महापालिका यांना मिळालेला महसूल. बंदर उभारणीच्या काळातला रोजगार मात्र या रकान्यांत कधीही मिसळू नये. तीन वर्षे काम करणारे शंभर मजूर म्हणजे तीनशे मनुष्य-वर्षे होतात. तीनशे नोकऱ्या होत नाहीत. मोठमोठे आकडे बऱ्याचदा याच एका मिसळीतून फुगतात.

प्रत्यक्ष परिणाम: कागदावरून जेवढा मिळतो तेवढा

बंदराभोवतीचे व्यवसाय तीन वर्तुळांत पाहावेत. आतले वर्तुळ बंदर प्राधिकरण आणि टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्यांचे. न्हावा-शेव्यात प्राधिकरण आता जमीनमालकाच्या भूमिकेत आहे आणि कंटेनर टर्मिनले खासगी चालक चालवतात. देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल येथेच १९९९ मध्ये सुरू झाले. त्यानंतर आलेल्या चालकांत दुबई, सिंगापूर आणि युरोप येथील समूहांची गुंतवणूक आहे. प्राधिकरणाचे वार्षिक अहवाल आणि टर्मिनल कंपन्यांचे ताळेबंद यांत कर्मचारी खर्च, घसारा आणि नफा स्पष्ट मिळतो. कंपन्यांची कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. या वर्तुळातले मूल्यवर्धन मोठे असते, पण त्यातला नफ्याचा हिस्सा दुबईला किंवा सिंगापूरला गेला, तर उरणच्या रहिवाशांच्या रकान्यात तो येत नाही. उत्पादन येथे झाले आणि उत्पन्न दुसरीकडे गेले, हा फरक अहवालात लपवू नये.

मधले वर्तुळ खऱ्या अर्थाने मेहनतीचे. बंदराबाहेर कंटेनर भरण्याची व रिकामे करण्याची कंटेनर फ्रेट स्टेशने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली सीएफएस; रिकाम्या कंटेनरची यार्डे, सीमाशुल्क दलाल, शिपिंग एजंट, ट्रेलरवाले, वजनकाटे, धुरी देणाऱ्या संस्था, मालाचे सर्वेक्षक, माथाडी टोळ्या, कंटेनर दुरुस्तीची वर्कशॉपे. यांतल्या मोठ्यांची माहिती कागदावर मिळते, लहानांची मिळत नाही. वार्षिक उद्योग पाहणी कारखान्यांपुरती आहे, आर्थिक गणना जुनी आहे, आणि नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचा नमुना एका तालुक्याबद्दल विश्वासाने बोलण्याइतका मोठा नसतो. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्नाचे अंदाज काढते. ते एकूण मर्यादा म्हणून वापरावेत, म्हणजे आपण काढलेले बंदराचे मूल्यवर्धन जिल्ह्याच्या संपूर्ण वाहतूक-साठवण क्षेत्राहून मोठे निघाले, तर चूक आपली आहे हे लगेच कळते.

बाहेरचे वर्तुळ बंदर वापरणाऱ्यांचे: कारखाने, बागायतदार, आयातदार. ते प्रत्यक्ष परिणामात धरू नयेत. फारतर ‘बंदरावर अवलंबून असलेले’ अशा वेगळ्या मथळ्याखाली, बेरजेबाहेर दाखवावेत.

फाट्यावर उभे राहून

कागद संपतो तेथे पाहणी सुरू होते. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उदाहरणार्थ करळ फाट्याजवळ, सुरक्षित जागा पाहून चोवीस तासांची मोजणी करावी. एक दिवस पुरत नाही. जहाजांच्या वेळापत्रकानुसार वाहतुकीला भरती-ओहोटी असते, म्हणून किमान एक पूर्ण आठवडा, आणि शक्य झाल्यास पावसाळ्यात पुन्हा एक आठवडा मोजावे. जाणारे आणि येणारे ट्रेलर वेगळे नोंदवावेत. नवख्या गणकाची नेहमीची चूक अशी की, तोच ट्रेलर जाताना आणि येताना दोनदा मोजला जातो आणि फेऱ्या दुप्पट होतात. भरलेला की रिकामा, वीस फुटी की चाळीस फुटी, हेही टिपावे.

नंबरप्लेटचे पहिले चार वर्ण लिहून घेतले, तर आणखी एक उपयोगी गोष्ट हाती लागते. एमएच ४६ म्हणजे पनवेल, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई, एमएच ०६ म्हणजे पेण. स्थानिक नोंदणीचे ट्रेलर किती आणि गुजरात, राजस्थान किंवा नागालँडच्या पाटीचे किती, यावरून ट्रेलरच्या मालकीचा पहिला अंदाज येतो. अंदाजच, कारण राष्ट्रीय परवान्याच्या सोयीसाठी दूरच्या राज्यात नोंदवलेल्या गाडीचा मालक उरणजवळच्या जासईचाही असू शकतो आणि पनवेलच्या पाटीची गाडी एखाद्या मुंबईकर कंपनीची असू शकते. म्हणून प्रत्येक पंचविसाव्या चालकाला चहाच्या टपरीवर गाठून चार प्रश्न विचारावेत: मालक कुठला, पगार की फेरीमागे भत्ता, महिन्याला घरी किती पाठवता, डिझेल कुठे भरता. चालक या प्रश्नांची उत्तरे सहसा मोकळेपणाने देतात. मालक मात्र कराच्या धास्तीने सावध असतात आणि त्यांच्याकडून आलेला नफ्याचा आकडा नेहमी कमीच असतो, असे गृहीत धरावे.

आता एकाच फेरीचा हिशेब जवळून पाहू. पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. समजा, एका फेरीचे भाडे १०,००० रुपये आहे. त्यातले ४,००० डिझेलला गेले, ९०० टायर व देखभालीला, ६०० टोल व पार्किंगला, ४०० विम्याला. ही बाहेरून विकत घेतलेली सामग्री, एकूण ५,९०० रुपये. उरलेले ४,१०० रुपये मूल्यवर्धन: १,५०० चालकाला, १,८०० गाडीच्या हप्त्याला (ढोबळमानाने व्याज आणि घसारा), ८०० मालकाच्या खिशात.

यातले उरणात पहिल्या हाताला किती पडले? डिझेलपैकी पंपवाल्याचे कमिशन समजा १०० रुपये. बाकीचा पैसा तेल कंपनीकडे आणि सरकारकडे गेला. टायर मदुराईत किंवा वडोदऱ्यात बनला, पण पंक्चरवाल्याची आणि मेकॅनिकची मजुरी ३०० रुपये येथे राहिली. पार्किंगचे २०० रुपये जमीनमालकाला मिळाले. चालक उत्तर प्रदेशातला असेल, तर १,५०० पैकी ९०० गावी गेले आणि ६०० येथल्या खानावळीत व खोलीभाड्यात खर्च झाले. हप्ता बँकेकडे गेला. मालक स्थानिक असेल तर त्याचे ८०० धरून बेरीज २,००० होते. नसेल तर १,२००. म्हणजे दहा हजारांच्या उलाढालीतून, चार हजार शंभरांच्या मूल्यवर्धनातून, तालुक्यात थांबलेली रक्कम दोन हजार किंवा त्याहून कमी. उलाढाल, मूल्यवर्धन आणि थांबलेली रक्कम या तीन आकड्यांमधला हा फरक एकदा हाताने काढून पाहिला, की पुढे कोणताही अहवाल वाचताना नजर आपोआप योग्य रकान्यावर जाते. हाच हिशेब सीएफएसमधल्या एका कंटेनरसाठी, एजंटाच्या एका कागदपत्रासाठी आणि माथाडींच्या एका पाळीसाठीही करावा.

गुणक: उपयोगी, पण लहान जागी लहान

प्रत्यक्ष परिणामानंतर अप्रत्यक्ष आणि प्रेरित परिणाम येतात. प्रत्यक्ष परिणामाला ज्या आकड्याने गुणले की हे धरून एकूण परिणाम मिळतो, तो गुणक. सीएफएस फोर्कलिफ्ट दुरुस्त करून घेते, सुरक्षारक्षक ठेवते, वीज घेते, ते अप्रत्यक्ष. तेथला कामगार किराणा भरतो, मुलांच्या शिकवणीचे पैसे देतो, ते प्रेरित. हे मोजण्याचे प्रस्थापित साधन म्हणजे वासिली लिओन्तिएफ यांची आदान-प्रदान सारणी, जिच्यासाठी त्यांना १९७३ चे नोबेल मिळाले. प्रत्येक उद्योग एक रुपयाचा माल काढताना इतर प्रत्येक उद्योगाकडून किती पैशांची खरेदी करतो, याचा तक्ता मांडायचा आणि त्याच्या गणिती व्यस्तावरून साखळीतली एकूण मागणी काढायची. भारतात राष्ट्रीय पातळीवरच्या पुरवठा-वापर सारण्या प्रसिद्ध होतात. त्यांत १४० वस्तू-सेवा आणि ६६ उद्योग असतात. स्प्रेडशीट वापरता येणाऱ्या कोणालाही हे गणित जमते. अडचण गणिताची नसून भूगोलाची आहे, कारण सारणी देशाची आहे आणि प्रश्न उरणचा.

राष्ट्रीय गुणांक प्रदेशाला बसते करण्यासाठी स्थान-भागफल वापरतात. एखाद्या उद्योगाचा प्रदेशातील रोजगारातला वाटा, भागिले त्याच उद्योगाचा देशातील रोजगारातला वाटा. भागफल एकाहून मोठे असेल, तर तो उद्योग स्थानिक गरज भागवतो असे मानतात, ०.२ असेल, तर स्थानिक मागणीचा पाचवा हिस्साच स्थानिक पातळीवर भागतो आणि बाकी बाहेरून येतो असे धरून गुणांक त्या प्रमाणात कमी करतात. ही साधी पद्धत लहान प्रदेशाची आयात कमी दाखवते, म्हणून प्रदेशाच्या आकारमानानुसार आणखी कात्री लावणारी फ्लेग यांची सुधारित पद्धत घ्यावी.

सारणी झेपत नसेल, तर निदान प्रेरित परिणामासाठी एक साधे सूत्र वापरता येते: हाती आलेल्या एका रुपयातला जेवढा भाग पुन्हा स्थानिक उत्पन्न बनतो तो एकातून वजा करावा, आणि एकाला त्या वजाबाकीने भागावे. तालुक्यात हा भाग १० पैसे असेल, तर गुणक १.११ येतो. महानगर प्रदेशात तो ४० पैसे असेल, तर १.६७. राज्यात ५० पैसे असेल, तर २. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण दिशा नेहमी हीच असते. सल्लागारांच्या अहवालांत राज्याचा किंवा देशाचा गुणक तालुक्याच्या प्रत्यक्ष रोजगाराला लावलेला दिसला, तर तेथेच थांबून लाल पेन काढावे. बेल्जियममध्ये राष्ट्रीय बँक अँटवर्प व इतर बंदरांच्या मूल्यवर्धनाचा आणि रोजगाराचा अहवाल नियमितपणे काढते आणि प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष आकडे वेगवेगळे देते. एकच गोळाबेरीज करून ठेवत नाही. प्रेरित परिणामावर माझा स्वतःचा विश्वास बेताचाच आहे. तो दाखवावा, पण शेवटच्या ओळीत आणि सर्वांत लहान अक्षरात.

गुणकाचा आणखी एक दोष असा की, तो काल खर्च झालेल्या रुपयाचे नाते उद्याच्या रुपयाला लावतो. यंत्रे बदलली की हे नाते तुटते. न्हावा-शेव्यात याचे बोलके उदाहरण आहे. पूर्वी आयात झालेला बहुतेक माल सीएफएसमध्ये जाऊन तेथून सुटत असे. गेल्या दशकात थेट बंदरातून माल सोडण्याची सोय वाढवली गेली. आयातदाराचे दिवस आणि पैसे वाचले, बंदराची कार्यक्षमता वाढली, आणि नेमक्या त्याच कारणाने उरण-पनवेलमधल्या सीएफएसचे काम व त्यांतल्या कामगारांची गरज कमी झाली. देशाचा फायदा आणि तालुक्याचा तोटा एकाच सुधारणेतून निघू शकतात. त्यामुळे टीईयू अमुक टक्क्यांनी वाढले म्हणजे रोजगारही तेवढाच वाढला, हे गृहीतक कोणत्याही अभ्यासात मान्य करू नये.

बंदर नसते तर

येथपर्यंत काढलेला आकडा ढोबळ आहे. निव्वळ आकड्यासाठी बंदर नसतानाची स्थिती कल्पून तिच्याशी तुलना करावी लागते. मालाच्या बाबतीत तीन शक्यता असतात: तो मुंबई बंदरातूनच गेला असता, मुंद्रा किंवा पिपावाव येथून गेला असता, किंवा गेलाच नसता. पृष्ठप्रदेशातल्या प्रत्येक मोठ्या मालासाठी ही विभागणी वेगळी करावी. लुधियानाच्या मालाला मुंद्रा हा सरळ पर्याय आहे, सांगलीच्या मालाला तितका नाही. दूरच्या बंदराने मालाचा जादा वाहतूक खर्च किती झाला असता, ती रक्कम म्हणजे वापरकर्त्यांचा खरा लाभ. कोणत्या बंदरातून कोणत्या वस्तूंचा किती विदेश व्यापार झाला, याची आकडेवारी कोलकात्याचे वाणिज्य माहिती व सांख्यिकी महासंचालनालय ठेवते. कंटेनरवरच्या आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळख पटवणाऱ्या) पट्ट्यांमधून तयार होणारी लॉजिस्टिक्स डेटा बँकेची माहिती, जिची सुरुवात २०१६ मध्ये याच बंदरातून झाली, कंटेनर कोठे किती वेळ थांबला हे सांगते.

प्रदेशाच्या बाबतीत तुलना तालुक्यांची करावी. १९८१ च्या जनगणनेतला उरण तालुका ही बंदरापूर्वीची स्थिती. त्याच्या शेजारी अलिबाग आणि पेण तालुके ठेवून १९९१, २००१ आणि २०११ मध्ये शेती, मासेमारी, मजुरी आणि सेवा यांतले काम कसे बदलले ते पाहावे. उरणमधला जादा बदल म्हणजे बंदराचा परिणाम, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु उरणमध्ये बंदरापूर्वीच ओएनजीसीचा प्रकल्प आला होता, वायू विद्युत केंद्र उभे राहिले होते, आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे भूसंपादन तर या साऱ्या पट्ट्यावर होते. बंदराचा वाटा यांतून शंभर टक्के सोलून काढता येत नाही. काढता येतो तो पट्टा: किमान इतका, कमाल इतका.

वहीची दुसरी बाजू

आदान-प्रदान सारणीला खाडीत मरणारा मासा दिसत नाही. म्हणून तोट्यांची वही वेगळी ठेवावी आणि ती लाभातून घाईने वजा न करता शेजारी मांडावी, कारण लाभ एकाच्या आणि तोटा दुसऱ्याच्या पदरात पडलेला असतो. भातशेती, मिठागरे, खाजणातली आणि खाडीतली मासेमारी या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी. कोळी कुटुंबाने विकलेला जिताडा बाजाराच्या आकड्यांत कदाचित सापडेल, पण घरी खाल्लेली निवटी, खेकडे आणि कालवे कोठेच नोंदलेली नसतात. ती स्थानिक बाजारभावाने धरावीत. नुकसानीचा हिशेब करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी दाखला आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने याच बंदर परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. आदेशापुढे कायद्याच्या पायऱ्या असतातच, पण कुटुंबागणिक उत्पन्नाची हानी मोजण्याची रीत म्हणून तो अभ्यासण्याजोगा आहे.

जमिनीच्या वाढलेल्या किमतीबद्दल सावध राहावे. जासई परिसरातल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याचे धोरण पुढे आले. असा भूखंड विकून कुटुंबाला कोट्यवधी रुपये मिळाले, तरी ती मालमत्तेची अदलाबदल आहे; प्रदेशाच्या उत्पादनात तिची भर धरता येत नाही. त्या पैशातून बांधलेल्या चाळींचे भाडे मात्र धरावे. भूखंड वेळेत मिळाला की तीस वर्षांनी, हाही हिशेबाचाच भाग आहे, कारण उशिरा मिळालेल्या रुपयाचे मूल्य घटलेले असते.

अहवालात काय छापावे

प्रत्येक आकड्यासमोर त्याची सीमा, वर्ष, किंमतपातळी आणि तो प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष की प्रेरित हे लिहावे. गृहीतके परिशिष्टात दडपू नयेत. त्यांतली सर्वांत नाजूक दोन-तीन निवडून, ती बदलल्यावर उत्तर किती हलते हे त्याच पानावर दाखवावे. ट्रेलरमालकांपैकी स्थानिक किती, हे गृहीतक उरणपुरते बहुधा त्यांतले पहिले असेल.

वाढवणच्या बाबतीत, आज मोजण्यासारखी सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे बंदरापूर्वीची स्थिती. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तेथे पायाभरणी झाली आहे आणि नऊ कंटेनर टर्मिनलांचे हे बंदर टप्प्याटप्प्याने उभे राहणार आहे, त्यामुळे ही संधी फार काळ राहणार नाही. डहाणू तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावांत बोटी किती, प्रत्येक बोटीवर खलाशी किती आणि ते कुठले, बर्फ आणि डिझेल कुठून येते, मासळी कोणत्या बाजारात जाते, घरोघरी चालणाऱ्या डायमेकिंगच्या, म्हणजे दागिन्यांचे साचे बनवण्याच्या, कामावर किती हात आहेत, चिकूच्या वाडीत हंगामाला किती मजूर लागतात, हे गावनिहाय आणि कुटुंबनिहाय लिहून ठेवावे. या पाहणीसाठी जून-जुलै टाळावेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि त्या दोन महिन्यांत भेटलेले कोळी कुटुंब कागदावर बेरोजगार दिसते. नारळी पौर्णिमा उलटल्यावर एकदा आणि मार्च महिन्यात एकदा, अशा दोन फेऱ्यांत तीच कुटुंबे भेटावीत, आणि जमा झालेल्या नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्यावी.